थांबदादा लॅपटॉप घेतो

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की थांबदादाचं ज्ञान बघून लॅपटॉपच्या दुकानाच्या मालकांचे डोळे दिपले, आणि त्यांनी त्याला घरून बोलावून नेऊन सुट्टीपुरती नोकरी दिली. ही बातमी माझ्या मावशीने जिन्यात उभं राहून मजल्यामजल्यावर पोचवली. थांबदादा तिचा मुलगा, त्यामुळे तिला माफ आहे.

खरं काय झालं ते मी बॅगांच्या मांडणीशी उभी राहून ऐकलंय. मालक म्हणाले, "हे बघा, एक तर घ्या, नाहीतर काउंटरच्या आत या. मधे उभे राहू नका, येणाऱ्याला दार सापडत नाही."

बोलावणं होतं ते एवढंच.

थांबदादा म्हणजे माझा मावसभाऊ. आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, कॉलेजात वाणिज्य शिकतो, आणि लॅपटॉप निवडतो. हे तिसरं काम त्याचं मुख्य काम. थांबदादा हे नाव मी ठेवलं आणि ते इतकं बसलं की आता त्याचे वडीलही, म्हणजे आमचे काका, चिडले की तेच वापरतात. कुणीही त्याला विचारावं, काय रे, घेतलास का, की हा एक बोट वर करणार, डोळे अर्धे मिटणार आणि म्हणणार, "तसं बघायला गेलं तर, थांब जरा, पुढच्या महिन्यात नवीन येतोय." मी हे बोटासकट करून दाखवायचे तेव्हा मावशीला ठसका लागायचा. सध्या मला त्याची नक्कल करायला बंदी आहे. का, ते येईलच पुढे. तोवर लिहून भागवते.

घोडं पैशापाशी अडलं नव्हतं. काकांनी पैसे काढून ठेवले होते, मावशीने खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं होतं, टेबलाखाली प्लगही नवा बसला होता. फक्त लॅपटॉप नव्हता, कारण दरवेळी पुढच्या महिन्यात नवीन येत होता. आणि तो खरंच यायचा, ही त्यातली गंमत. आला की थांबदादा त्याचे सगळे व्हिडिओ पालथं पडून मोबाइलवर बघायचा, त्यातल्या माणसांचा आवाज उचलायचा आणि दोन दिवस घरात त्याच आवाजात बोलायचा. बाथरूममधून ऐकू यायचं, "तर मित्रांनो, आज आपल्यासोबत आहे ही निळी बादली. पकडायला उत्तम, पण कडेला जरा निराशा." मग जाहीर व्हायचं की हा नवा तितकासा बरा नाही, याच्या पुढचा खरा.

त्याला हवा असलेला लॅपटॉप काय काय करणार होता ते ऐकून आम्ही सगळे दमायचो. त्यावर सिनेमे कापून जोडायचे होते, गाणी बांधायची होती, मोठे मोठे खेळ खेळायचे होते, शिवाय तो पिसासारखा हलका हवा होता आणि झाकण उघडल्यावर समोरच्याने "अरे" म्हणायला हवं होतं. मी एकदा म्हणाले, "दादा, तू जमाखर्च शिकतोस ना?"

"तुला नाही कळायचं. माणूस मोठा होतो, लॅपटॉपला आधीच मोठं असावं लागतं."

त्यावर काका वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक जुना निघालाय. चालू आहे." घरी पडून असलेल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसे ते 'चालू आहे' म्हणतात. तो लॅपटॉप मी पाहिलाय. सुरू केला की आधी पंखा गुरगुरतो, मग टेबल थरथरतं, मग बऱ्याच वेळाने स्क्रीन उजळते, तीही उपकार केल्यासारखी. काकांनी तो विषय काढला की थांबदादा उठून गच्चीवर जायचा.

पण खरी भीती त्याला काकांची नव्हती. ती होती जोडीदारणीची.

त्यांच्या वर्गात प्रकल्प जोडीने करायचा असतो, आणि जोडी वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगायची असते. ज्यांना कुणी घेत नाही त्यांच्या जोड्या सर लावतात. पहिल्या वर्षी थांबदादा अशा उरलेल्यांत होता. त्याच्या वाट्याला जो आला तो कॉलेजात फक्त मोटरसायकल लावायला यायचा. प्रकल्प कसाबसा झाला, सरांनी त्यावर "हे काय?" एवढंच लिहिलं. मग वर्षाच्या शेवटी एका हुशार मुलीने, का कोण जाणे, थांबदादाला सांगितलं की पुढचा प्रकल्प आपण करू. सुट्टीतच सुरुवातही केली. तिच्याकडे लॅपटॉप होता. ती आकडे भरायची, हा मोबाइलवर अंगठ्याने मजकूर लिहायचा. अंगठा सुजला होता. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. तिचा आवाज कापलेल्या काकडीसारखा आहे.

"घेतलास का?"

"तसं बघायला गेलं तर..."

"बघायला जाऊ नकोस. घे. माझ्या एकटीच्या मशीनवर दोघांचं काम वर्षभर नाही होणार. कॉलेज उघडेल त्या दिवशी तुझ्याकडे लॅपटॉप नसेल तर मी दुसरं नाव देणार. मला राग नाही आलेला. नुसतं सांगतेय."

राग न आलेल्या माणसाचं काही करता येत नाही. थांबदादाचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो मोटरसायकलवाल्याची आठवण काढून दोनदा पाणी प्यायला, आणि सरळ दुकानात गेला.

दुकान मोठ्या रस्त्यावर, दोन पायऱ्या चढून. काचेच्या मांडण्यांवर लॅपटॉप उघडे ठेवलेले, आत छान गार, आणि मालक. मालकांच्या हातात सदैव पिवळं फडकं. ते स्क्रीन पुसत पुसतच बोलतात आणि बोलणं फडक्याच्या चालीने चालतं. डावीकडून उजवीकडे "आधी सांगा", उजवीकडून डावीकडे "काम काय". छोट्या स्क्रीनशी असले तर तुटक बोलतात, मोठ्या टीव्हीपाशी गेले की लांबलचक वाक्यं येतात. मी तिथे गारव्याला जायचे आणि आवाज गोळा करून आणायचे.

थांबदादा रोज जायला लागला. स्वतः घेईना, आणि दुसऱ्यांना घेऊ देईना. कुणी गिऱ्हाईक लॅपटॉपवर हात ठेवतंय असं दिसलं की हा हळूच शेजारी जाऊन बोट वर करायचा, "तुम्हाला म्हणून सांगतो, थांबा जरा." आणि गिऱ्हाइकं थांबायची. नुसती थांबायची नाहीत, घरी जायची. मालकांनी हे काही दिवस फडक्याआडून पाहिलं. मग त्यांनी हिशेब केला असणार की हा माणूस बाहेर उभा राहून जेवढं नुकसान करतो तेवढं आत येऊन करू शकणार नाही. म्हणून ते म्हणाले, काउंटरच्या आत या.

तर ती नोकरी अशी लागली.

पहिल्या दिवशी एक नर्सबाई आल्या. त्यांना मुलाशी बोलायला काहीतरी हवं होतं, मुलगा परगावी. थांबदादाने त्यांना आतल्या पंख्यांची रचना समजावली. बाई पर्स छातीशी धरून मागे मागे सरकत दारातून उलट्या पावलांनी निघून गेल्या. मालकांनी फडकं खांद्यावर टाकलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"काय हवंय ते विचारलं."

"ते कधी विचारायचं नाही. लॅपटॉपवर काय करणार हेही नाही. गिऱ्हाईक उद्याबद्दल खोटं बोलतं. मुद्दाम नाही बोलत, बिचारं मनापासून बोलतं. तुम्ही विचारायचं, काल काय केलंत? सकाळपासून. कालच्या दिवसाला मशीन द्यायचं. उद्याला दिलं की आठवड्यात परत येतं."

थांबदादाला हे पटलं नाही. पण त्याला नवीन आवाज मिळाला. दुसऱ्या दिवसापासून तो हुबेहूब मालकांसारखा, फक्त फडक्याशिवाय, मान एका बाजूला टाकून विचारायला लागला, "काल काय केलंत? सकाळपासून." आणि काय सांगू, माणसं सांगायला लागली. इतकं घरात कुणी विचारत नसावं.

एक गृहस्थ आले, दाढी टोकदार. त्यांना कादंबरी लिहायची होती, म्हणून मोठ्या स्क्रीनचा, उत्तम कळांचा हवा होता. थांबदादाने काल विचारलं. काल त्यांनी सकाळी एक सामना बघितला, दुपारी तोच सामना पुन्हा बघितला, आणि संध्याकाळी मित्राला फोन करून त्या सामन्याबद्दल सांगितलं. "कादंबरी?" थांबदादाने विचारलं. गृहस्थ म्हणाले, "ती डोक्यात आहे." त्यांना थांबदादाने चांगल्या आवाजाचा, मध्यम स्क्रीनचा देऊन टाकला. जाताना ते खूश होते, फक्त नजरेला नजर देत नव्हते.

मग एक बाप आणि मुलगा. बाप म्हणाला, "अभ्यासासाठी हवाय, फक्त अभ्यासासाठी." थांबदादाने मुलाला काल विचारलं. मुलाने बापाकडे पाहिलं. थांबदादा बापाला म्हणाला, "तुम्ही तोवर बॅगा बघता का? तिकडे, त्या मुलीशेजारी." बाप माझ्याशेजारी येऊन बॅगांच्या चेनी उघडझाक करायला लागला आणि तिकडे कानात बोलणं झालं. दोघेही हसत गेले. बापाला वाटत होतं अभ्यासाचा घेतला.

पंधरवड्यात अशी परिस्थिती आली की लोक आत येऊन विचारायचे, "ते कालवाले कुठायत?" ज्याने वर्षभर एक लॅपटॉप निवडला नाही, तो चहा निवायच्या आत दुसऱ्याला निवडून द्यायचा. मावशीच्या बातमीला इथून पाय फुटले. तिला मी विचारलं, "मावशी, मग त्याचा स्वतःचा?"

"मला काय कळतंय त्यातलं," मावशी म्हणाली. मावशी हे वाक्य बोलली की समजायचं तिला सगळं कळलंय.

मी थांबदादाला जिन्यात गाठलं. तो वर येत होता, मी खाली जात होते. कॉलेज तोंडावर आलं होतं.

"दादा, तू काल काय केलंस ते सांग की. मशीन देते तुला."

"माझी गोष्ट वेगळी आहे. तसं बघायला गेलं तर..."

"पुढच्या महिन्यात नवीन येतोय."

"येतोयच मुळी."

"लाव पैज. कॉलेज उघडायच्या आत तू घेणार नाहीस."

त्याने कठड्याला टेकून विचार केला. "हरलीस तर वर्षभर माझी नक्कल करायची नाही. बोट नाही, डोळे नाहीत, काही नाही."

"आणि तू हरलास तर गच्चीवर सगळ्या इमारतीसमोर तू स्वतःची नक्कल करायची. मी बसून बघणार."

हातावर हात मारला. त्या घडीला मला वाटलं, मी त्याला अगदीच सोप्यात गुंडाळलं. गच्चीवर कुणाला पुढे बसवायचं तेही मनात ठरवून झालं.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, हरणाऱ्याचं तोंड बघायला. त्याच्या आधल्या दिवशी दुकानाला साप्ताहिक सुट्टी झाली होती, म्हणून गर्दी. थांबदादा काउंटरमागे भराभरा विकत होता आणि मधून मधून मोबाइलकडे बघत होता. जोडीदारणीचा निरोप येऊन पडला होता, त्याने उघडला नव्हता. न उघडलेला निरोप माणसाला किती बारीक करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शर्ट त्याला मोठा दिसत होता.

तेवढ्यात दोन पायऱ्या चढून मावशी आली. बाहेर जायची चांगली साडी, हातात पिशवी. मला बघून न बघितल्यासारखं केलं. सरळ रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर काउंटरवर पिशवी ठेवली.

"मला एक लॅपटॉप दाखवा. मुलासाठी."

थांबदादाने इकडेतिकडे पाहिलं. "आई, हे काय चाललंय?"

मालक लांबच्या टीव्हीपाशी होते. तिथून फडक्याच्या लांब चालीत आवाज आला, "दुकानात आई नाही, गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाईक रांगेतून आलंय, तेव्हा जे सगळ्यांना विचारता ते विचारा."

मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "लवकर आटपा हो."

थांबदादाने मान एका बाजूला टाकली. सवयीनेच पडली ती. "मुलगा काय करतो?"

"लॅपटॉप निवडतो."

मागचा माणूस हसला. थांबदादाचे कान लाल झाले. "काल काय केलं त्याने? सकाळपासून."

मावशी या प्रश्नाची जन्मभर वाट बघत असावी अशी बोलायला लागली. चढउतार नाही, थांबणं नाही, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं. "काल सुट्टी होती त्याला. उशिरा उठला. बिस्किटं अंथरुणात खाल्ली, चुरा माझ्याकडून झाडून घेतला. मग पालथं पडून मोबाइलवर लॅपटॉपचे व्हिडिओ. चार्जर कुठाय म्हणून मला विचारलं, तो त्याच्या पोटाखाली होता. मग अंगठ्याने कॉलेजचं काहीतरी लिहिलं, बसून, मान मोडेपर्यंत. चहा सांडला, मोबाइल वाचला. आणि दुपारभर त्या मुलीने पाठवलेले आकडे तपासत होता. इतक्याशा पडद्यावर, एक डोळा मिटून. दोन चुका सापडल्या त्याला."

"मग?" हे थांबदादाने विचारलं की मागच्या माणसाने, मला आठवत नाही.

"मग काही नाही. तिला कळवल्या नाहीत. कळवलं की ती विचारणार, घेतलास का. मला काय कळतंय म्हणा त्यातलं."

थांबदादा काउंटरवरच्या एका ओरखड्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा गच्चीवर जाणार. पण दुकानाला गच्ची नव्हती.

मग त्याने विचारलं. आवाज मालकांचाही नव्हता आणि व्हिडिओतल्या माणसांचाही नव्हता. इतक्या दिवसांत मी तो ऐकला नव्हता. "सिनेमे वगैरे कापतो का?"

"एकदा माझ्या वाढदिवसाचा केला होता. त्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत आडवी होते."

"खेळ?"

"खेळत नाही. दुसरे खेळतात ते बघतो."

"हातून पडतं का?"

"मोबाइलची काच बघा त्याच्या. नको, राहू दे. तुम्ही पाहिलीच असेल."

"कॉलेजात कसा जातो?"

"बसने. उभा राहून."

थांबदादा वाकला. अगदी खालच्या मांडणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून त्याने एक करडा लॅपटॉप काढला. जाड कोपऱ्यांचा, साधा, झाकणावर काही चमकत नाही असा. हा मला माहीत होता. वर्षभर थांबदादा त्याला 'डबा' म्हणत आला होता. त्याच्यावर त्याने घरात खास व्हिडिओच्या आवाजात एक आख्खं भाषण केलं होतं, त्यात तो म्हणाला होता की हा घेणाऱ्याने कपडेही करडेच घालावेत.

"हा पडला तरी टिकतो. कळांवर चहा सांडला तर खालून निघून जातो. सकाळी एकदा भरला की संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागत नाही. आकड्यांना पडदा पुरेसा मोठा आहे." मग त्याचं बोट हळूहळू वर यायला लागलं. डोळे अर्धे मिटले. "आता तसं बघायला गेलं तर पुढच्या..."

मालकांचं फडकं थांबलं. ते थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी मालकांकडे वळली. "तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का? हा मुलगा गिऱ्हाइकाला थांबवतोय."

थांबदादाने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. ते खाली घेतलं. "नाही," तो म्हणाला. "हाच घ्या, काकू."

मावशीने पिशवीतून काकांचे पैसे काढले. तिने ते घरूनच आणले होते, म्हणजे तिचं ठरलेलंच होतं. थांबदादाने पावती केली, खोकं बांधलं, सगळ्या गिऱ्हाइकांना देतो तशी एक पातळ बॅग वर फुकट दिली, आणि मग मोबाइल उघडला. निरोप वाचला नाही, सरळ फोनच लावला.

"घेतला. हो. आता दुकानातच आहे. आणि तुझ्या तिसऱ्या तक्त्यात दोन चुका आहेत."

पलीकडून काकडी कापल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. "कधी सापडल्या?"

"काल."

"मग काल का नाही सांगितलंस?"

तो खोक्याची दोरी पुन्हा बांधायला लागला. मग ती म्हणाली, "उद्या घेऊन ये. चार्जर विसरू नकोस."

मी लगेच पुढे झाले. गच्चीवरच्या बैठका डोळ्यांसमोर होत्या, असं कसं सोडून देणार? मी म्हणाले, "हे चालणार नाही. पैज तू घेण्याची होती. घेतला मावशीने."

"निवडला कुणी?" थांबदादा म्हणाला.

"निवडायचं बोलणंच नव्हतं. घ्यायचं होतं."

आम्ही मालकांकडे गेलो निवाड्याला. ते पुन्हा पुसायला लागले होते. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत मान एका बाजूला टाकली. "काल काय केलंत तुम्ही?"

मी बॅगांकडे बघायला लागले. काल मी गच्चीवर थांबदादाची नक्कल केली होती, आणि तिच्यामागोमाग मालकांची, आईच्या ओढणीचं फडकं करून. सगळे पोट धरून हसले होते, मावशीसुद्धा.

"सांग ना," मावशी म्हणाली. "नाहीतर मी सांगते. मला काय कळतंय त्यातलं."

"हरले," मी म्हणाले.

रात्रीचं जेवण मावशीकडे झालं. करडा डबा खिडकीजवळच्या टेबलावर बसला होता आणि नव्या प्लगातून वीज पीत होता. काकांनी त्याच्या झाकणावर टिचकी मारून "चालू आहे" म्हटलं. मग माझ्या आईने सहज थांबदादाला विचारलं, काय रे, आता आवडला ना? थांबदादाने घास खाली ठेवला. त्याला काही घाई नव्हती. माझ्याकडे बघत त्याने सावकाश एक बोट वर केलं, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाला, "तसं बघायला गेलं तर..."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायले.